यंत्र आणि त्याचे जाळे

नवा भ्रमणध्वनी घ्यावयाचा तर तो कोणता घ्यावा, हा प्रश्न आज घरोघर पडतो. दुकानात गेलेला मनुष्य किंमत पाहतो, कॅमेरा पाहतो, पडदा केवढा आहे ते पाहतो. परंतु ज्या कंपनीची सेवा आपण घेतो, तिच्या जाळ्याशी हे यंत्र जुळते की नाही, हा प्रश्न बहुधा सर्वांच्या शेवटी विचारला जातो. पुष्कळदा तर विचारलाच जात नाही. वास्तविक पहिला प्रश्न तोच होय. तो आज नव्याने उत्पन्न झालेला आहे, असेही नाही. गाडी आणि रूळ, ग्राहकयंत्र आणि ध्वनिक्षेपणकेंद्र, दूरध्वनी आणि तार, अशी जोडी जेथे जेथे जमवावी लागली, तेथे तेथे हा प्रश्न उभा राहिला. आणि त्या दोहोंमधला सांधा कोणाच्या ताब्यात आहे, यावर सामान्य माणसाचे स्वातंत्र्य आणि त्याच्या पदरचा पैसा अवलंबून राहिला. या इतिहासाची पुष्कळशी पाने ज्या एकाच गावात वाचता येतात, असे गाव म्हणजे नर्मदातीरावरचे जबलपूर.

जबलपूर मराठी माणसाला परके नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आले आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन त्याची राजधानी नागपूर झाली, तेव्हा नागपूर आणि जबलपूर यांचा संबंध पुन्हा जुळला, तो १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत टिकला. भोसल्यांच्या काळात, पुढे कचेऱ्या, शाळा, न्यायालये आणि रेल्वे यांच्या निमित्ताने कितीतरी मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. राज्याची ही सीमारेषा पुढे दूरध्वनीच्याही इतिहासात कशी उमटली, ते ओघाने येईलच.

प्रथम रेल्वेची गोष्ट सांगितली पाहिजे. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग आणि अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन कंपनीचा लोहमार्ग जबलपूर येथे एकमेकांस मिळाले. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो या समारंभास उपस्थित होते. मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरे लोहमार्गाने जोडली गेली ती या सांध्यामुळे. कंपन्या दोन होत्या. त्यांचे भागधारक निराळे, अभियंते निराळे, हिशेबाची पुस्तके निराळी. तरीही एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळांवर विनासायास चालू शकला. याचे कारण असे की लॉर्ड डलहौसी यांच्या कारकीर्दीतच दोन रुळांमधील अंतर साडेपाच फूट असावे, असा निर्णय झालेला होता. इंग्लंडात निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळी अंतरे धरल्यामुळे जो घोटाळा झाला होता, तो डोळ्यांसमोर होता. माप एक असल्यामुळे कंपनी बदलली तरी प्रवाशाला गाडी बदलावी लागली नाही.

याच जबलपुरात उलटे उदाहरणही पाहावयास मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत सातपुड्यातून जो मार्ग आणला, तो केवळ अडीच फुटांचा होता. डोंगराळ प्रदेशात अरुंद मार्ग स्वस्त पडतो, हे खरे. पण त्याची दुसरी बाजू अशी की जबलपूरला पोहोचलेला माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. ही अरुंद गाडी २०१५ मध्ये थांबली आणि त्या मार्गाचे रुंदीकरण झाले. शंभर वर्षांहून अधिक काळ एकाच गावात दोन मापे नांदत होती. त्यांपैकी एक माप सर्वांचे होते आणि दुसरे त्या मार्गापुरतेच होते. आता दूरध्वनीच्या इतिहासाकडे वळू. तेथेही हाच भेद आपल्याला दिसेल.

हिंदुस्थानात दूरध्वनी आला तो खासगी कंपनीच्या हातून. १८८१ मध्ये सरकारने ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना दिला आणि १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे दूरध्वनी-केंद्रे सुरू झाली. १८८५ च्या तार-कायद्याने तारेवरून संदेश नेण्याचा विशेषाधिकार सरकारकडे राखला गेला, आणि १९४३ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील कंपन्याही सरकारने आपल्याकडे घेतल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बंगलोर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना निघाला. त्या कारखान्याचे काळे, जड, चकती फिरवावयाचे यंत्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते विसरता येणार नाही. ते यंत्र घरात असे, पण घरमालकाचे नसे. ते खात्याचे असे. तार खात्याची, यंत्र खात्याचे, बिघाड झाला तर माणूसही खात्याचा. यंत्र जाळ्याशी जुळेल की नाही, हा प्रश्नच ग्राहकापुढे नव्हता. कारण निवड करण्याचा अधिकारच त्याला नव्हता.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच होता, असे कोणी समजू नये. अमेरिकेतील बेल कंपनीदेखील आपल्या तारेला परके उपकरण जोडू देत नसे. बोलणाऱ्याचा आवाज शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून मुखपत्रावर बसवावयाची हश-अ-फोन नावाची एक साधी वाटी निघाली होती. तिलाही कंपनीने हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९५६ मध्ये निकाल वाटीच्या बाजूने लागला. पुढे १९६८ मध्ये, टेक्सासमधील थॉमस कार्टर यांच्या कार्टरफोन या उपकरणाच्या प्रकरणी, जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाने आपले यंत्र त्याला जोडण्यास प्रत्यवाय नाही, असे तेथील दळणवळण आयोगाने ठरविले. आपल्याकडे ग्राहकाच्या घरी लागणारी यंत्रे बनविण्याची मुभा १९८४ मध्ये खासगी उद्योगांना मिळाली आणि बटणांचे रंगीबेरंगी दूरध्वनी बाजारात दिसू लागले. निवडीचा अधिकार ग्राहकाकडे येऊ लागला तो येथपासून.

या काळात जबलपूरचे कार्य काय होते? १९४२ मध्ये, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, तेथे दूरसंचाराचे शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली. देशाच्या कानाकोपऱ्यातले अभियंते आणि तंत्रज्ञ तेथे शिकून गेले. आज ती भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखली जाते आणि भारत संचार निगमच्या अखत्यारीत आहे. तारमार्गाला लागणारे साहित्य बनविणारा कारखानाही याच गावी उभा राहिला. म्हणजे यंत्र आणि जाळे कसे जुळवावे, ही विद्याच या गावात शिकविली जात होती. मात्र ती जुळणी करणारा खात्याचा तज्ज्ञ होता. ग्राहकाला तिची माहिती असण्याचे कारण नव्हते. आज त्या तज्ज्ञाचे काम दुकानाच्या फळीपुढे उभ्या असलेल्या ग्राहकाकडे आले आहे, हे आपण पुरतेपणी लक्षात घेतलेले नाही.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले आणि या देशात नव्या युगाला आरंभ झाला. आरंभीच्या त्या दिवसांत एका मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर पडत असे आणि दुसऱ्याने आपल्याला केलेल्या संभाषणाचेही पैसे आपल्यालाच भरावे लागत. तेव्हा हे साधन श्रीमंतांचेच होते. परंतु त्याच्या रचनेत एक मोठी गोष्ट दडलेली होती. आपल्या सरकारने त्या वेळी युरोपात सिद्ध झालेली जीएसएम ही पद्धती स्वीकारली होती. या पद्धतीसाठी युरोपातील अनेक देशांच्या दूरध्वनी-संस्थांनी १९८७ मध्ये करार केला होता, आणि १९९१ मध्ये फिनलंडमध्ये तिच्यावरून पहिले संभाषण झाले होते. तिचे वैशिष्ट्य असे की ग्राहकाची ओळख यंत्रात नसून सिम नावाच्या एका लहानशा पत्रिकेत असते. पत्रिका काढून दुसऱ्या यंत्रात घाला, तुमचा क्रमांक तुमच्याबरोबर येतो. दुसऱ्या कंपनीची पत्रिका घाला, यंत्र तेच राहते. डलहौसींच्या काळच्या साडेपाच फुटी रुळांसारखेच हे होते. कंपन्या अनेक, माप एक.

मग २००२ च्या अखेरीस निराळे माप आले. रिलायन्सने सीडीएमए नावाच्या दुसऱ्या पद्धतीवर आपली सेवा सुरू केली आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून यंत्र घरी न्या, अशी योजना काढली. टाटांची सेवाही याच पद्धतीची होती. या योजनेने जे कार्य केले, त्याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. ज्यांनी दूरध्वनीचे स्वप्नही पाहिले नव्हते, अशा लक्षावधी कुटुंबांत तो पोहोचला. मे २००३ पासून येणाऱ्या संभाषणाचे पैसे घेणेही बंद झाले होते. भाजीविक्रेता, रिक्षावाला, गवंडी यांच्या हाती यंत्र दिसू लागले ते याच दोन-तीन वर्षांत. परंतु या यंत्रांत बहुधा काढता-घालता येणारी पत्रिका नव्हती. यंत्र त्या कंपनीचेच. सेवा आवडली नाही तर यंत्रासह सोडावी लागे. सातपुड्यातल्या अरुंद मार्गाप्रमाणे हा मार्गही स्वस्त होता आणि म्हणूनच दूरवर पोहोचला; आणि त्याच मार्गाप्रमाणे प्रवाशाला सांध्यावर उतरणे भाग पाडणारा होता.

याचा परिणाम काही वर्षांनी दिसला. २० जानेवारी २०११ पासून क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. आधी नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात तिचा आरंभ झाला होता. क्रमांक स्वतंत्र झाला, पण सीडीएमएच्या ग्राहकाचे यंत्र स्वतंत्र झाले नाही. जीएसएमच्या कंपनीकडे जावयाचे तर नवे यंत्र घेणे प्राप्त होते. पुढे ही पद्धती वापरणाऱ्या सेवा एकामागून एक बंद पडल्या आणि ज्यांच्या हाती तिची यंत्रे उरली, त्यांना ती टाकून द्यावी लागली. यातली मनोरंजक, पण खेदाचीही गोष्ट अशी की ज्या ८५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर ही सेवा चालत होती, त्या लहरी काही नाहीशा झाल्या नाहीत. आज त्याच पट्ट्यावर जिओची चौथ्या पिढीची सेवा चालते. लहरी त्याच, मनोरे पुष्कळसे त्याच गावांतले, पण जुन्या यंत्राला त्या लहरींवरची नवी भाषा कळत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. या कंपनीचे जाळे केवळ चौथ्या पिढीचे होते. दुसऱ्या वा तिसऱ्या पिढीचा आधार त्याला नव्हता. त्यामुळे संभाषणही व्होएलटीई या नव्या पद्धतीनेच करावे लागे. दुकानदाराने चौथ्या पिढीचे म्हणून दिलेल्या कित्येक यंत्रांत ही सोय नव्हती. अशा यंत्रावर चित्रपट दिसे, पत्र येई, पण साधे बोलणे मात्र होत नसे. त्यासाठी कंपनीने काढलेला एक स्वतंत्र अॅप वापरावा लागे. ‘फोर जी’ हे शब्द खोक्यावर छापलेले होते आणि ते खोटेही नव्हते. ते अपुरे होते. २०१७ मध्ये याच कंपनीने १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या ठेवीवर साधा जिओफोन दिला. तो पुन्हा त्याच कंपनीच्या सेवेपुरता होता.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पाचवी पिढी आली तेव्हा दोन मोठ्या कंपन्यांनी आरंभी दोन वाटा धरल्या. एअरटेलने आपली नवी सेवा जुन्या चौथ्या पिढीच्या जाळ्याचा आधार घेऊन उभारली, तर जिओने ती स्वतंत्रपणे उभारली आणि ३,३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींबरोबर ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींचाही उपयोग केला. पाचव्या पिढीसाठीच म्हणून आधी विकल्या गेलेल्या कित्येक यंत्रांना निर्मात्याने आज्ञावलीत सुधारणा पाठविल्यावाचून ही सेवा मिळेना. सरकारी भारत संचार निगमची देशी तंत्रज्ञानावर उभारलेली चौथ्या पिढीची सेवा सप्टेंबर २०२५ मध्ये देशाला अर्पण झाली. ती मुख्यतः ७०० आणि २,१०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर चालते. ज्या यंत्रात ७०० चा पट्टा नाही, त्याला तिचा दूरवर पोहोचणारा भाग ऐकू येणार नाही.

येथे आकाशवाणीच्या श्रोत्यांना समजावण्यास फारसे कष्ट पडू नयेत. आपल्या घरी पूर्वी जो रेडिओ होता, त्यावर मध्यम लहरी आणि लघुलहरी असे निरनिराळे पट्टे होते. मध्यम लहरींचाच संच असेल तर लघुलहरींवरचा कार्यक्रम कितीही चांगला असो, तो आपल्यासाठी नव्हताच. भ्रमणध्वनीचेही तसेच आहे. लहरींची कंप्रता जितकी कमी, तितक्या त्या दूर जातात आणि भिंतींतून, झाडांतून, डोंगराच्या आडून अधिक चांगल्या शिरतात. कंप्रता जास्त असेल तर मजकूर अधिक वाहून नेता येतो, पण पल्ला कमी होतो. म्हणून जबलपूरच्या सदर बाजारात राहणाऱ्याला जे यंत्र चांगले, तेच मंडला वा दिंडोरीच्या अरण्यप्रदेशात चांगले ठरेलच, असे नाही. शहरात मनोरे जवळजवळ असतात. तेथे वरच्या पट्ट्यांचा लाभ मिळतो. बर्गी धरणापलीकडच्या गावात एखादाच मनोरा दिसतो. तेथे खालच्या पट्ट्यावाचून गत्यंतर नसते.

म्हणून निवडीचा क्रम उलटा धरला पाहिजे. आधी यंत्र आणि मग कंपनी, असे न करता आपण जेथे राहतो आणि जेथे कामाला जातो, तेथे कोणत्या कंपनीची सेवा खरोखर पोहोचते, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून जाणून घ्यावे. मग त्या कंपनीचे पट्टे कोणते, ते पाहावे. चौथ्या पिढीसाठी जिओचे प्रमुख पट्टे ५, ३ आणि ४० या क्रमांकांनी, तर निगमचे २८ आणि १ या क्रमांकांनी ओळखले जातात. यंत्राच्या निर्मात्याने दिलेल्या तपशिलात हे क्रमांक असतात. त्यानंतर त्या कंपनीच्या जाळ्यावर त्या यंत्राचे व्होएलटीई चालते का, हे विचारावे. पाचवी पिढी हवी असेल तर स्वतंत्र आणि आधारित, असे दोन्ही प्रकार ते यंत्र जाणते का, तेही पाहावे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेले यंत्र असेल तर ही चौकशी विशेषच अगत्याची. कारण कित्येक देशांत यंत्र एका कंपनीला बांधून विकण्याची रीत आहे. २००७ मध्ये अमेरिकेत आयफोन प्रथम विक्रीस आला, तो एकट्या एटी अँड टी कंपनीच्या ग्राहकांसाठी होता. जुने यंत्र विकत घ्यावयाचे असेल तर त्याचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर तपासून घ्यावा. डिसेंबर २००९ पासून ज्या यंत्रांना हा क्रमांक नव्हता ती जाळ्याबाहेर टाकली गेली. स्वस्त म्हणून घेतलेले यंत्र एका रात्रीत मुके होऊ शकते, हे तेव्हा पुष्कळांना कळून चुकले.

आता त्या सीमारेषेची गोष्ट. भ्रमणध्वनीचे परवाने दिले गेले ते प्रदेशवार. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून एक परिमंडळ झाले, आणि नागपूर महाराष्ट्राच्या परिमंडळात गेले. १९५६ ची रेषा अशा रीतीने लहरींवरही ओढली गेली. जबलपूरच्या मराठी घरातली मुलगी नागपूरला नांदावयास गेली किंवा मुलगा पुण्यास नोकरीला लागला, तर क्रमांक बदलण्याची वेळ येई. कारण २०११ ची सोय एका परिमंडळाच्या आतच होती. ३ जुलै २०१५ पासून क्रमांक देशभर कोठेही नेता येऊ लागला. ज्या कुटुंबाची मुळे एका राज्यात आणि शाखा दुसऱ्या राज्यात असतात, त्याला या सुधारणेचे मोल अधिक कळते. वृद्ध आईबापांच्या वहीत मुलाचा जो क्रमांक एकदा लिहिला, तो आता खोडावा लागत नाही.

या साऱ्या इतिहासाचा मथितार्थ काय? खात्याच्या काळ्या यंत्राच्या दिवसांत ग्राहकाला निवड नव्हती, पण जबाबदारीही नव्हती. आज निवड विपुल आहे आणि जबाबदारी सगळी त्याच्यावर आली आहे. क्रमांक नेण्याचा हक्क कायद्याने त्याला दिला. पण आपले यंत्र कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर पुरतेपणी चालेल, असा भरवसा मात्र अद्याप कोणी देत नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला यात फारसे वाटत नाही. तो दुसरे यंत्र घेतो. परंतु बालाघाटच्या खाणीतला मजूर किंवा मंडल्याचा शेतकरी महिनोन्महिन्यांची शिल्लक घालून एकच यंत्र घेतो. त्यावरच मजुरीचे पैसे येतात, धान्याच्या दुकानाचा संदेश येतो, दूर गेलेल्या मुलाची खुशाली कळते. त्याचे यंत्र सांध्यावर अडले तर त्याची गाडीच थांबते. तेव्हा पट्टे कोणते, व्होएलटीई कोणाकोणाचे चालते, हे औषधाच्या बाटलीवरील सूचनेप्रमाणे खोक्यावर ठळक अक्षरांत आणि लोकांच्या भाषेत छापणे विक्रेत्यांवर बंधनकारक असावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

१८७० मध्ये जबलपूरच्या सांध्यावर दोन कंपन्यांचे रूळ जुळले, ते कंपन्यांनी एकमेकींवर मेहेरबानी केली म्हणून नव्हे, तर राज्यकर्त्यांनी माप आधी ठरवून दिले होते म्हणून. ते माप टिकले, आणि त्यावरून गेलेल्या प्रवाशांना त्याची कधी आठवणही करावी लागली नाही. आपल्या हातातल्या यंत्रांचेही असे एक माप ठरून जाईल, तेव्हा दुकानात गेलेल्या माणसाने नुसता कॅमेरा आणि पडदा पाहिला तरी चालेल. तोवर मात्र पहिला प्रश्न जाळ्याचाच विचारावा.